पाठ नसलेला कॅमेरा

घड्याळवालीला लोकांच्या एका खोडीचा भारी राग. कुठे जायचं झालं की ती आधी फोन करून विचारायची, "पायऱ्या किती आहेत?" समोरचा हमखास सांगायचा, "फार नाहीत हो, दोनच." प्रत्यक्षात निघायच्या सात. कुणी मुद्दाम खोटं बोलत नसे. रोज चढणाऱ्याला पायरी दिसतच नाही. चाकांच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला मात्र पहिलीच भिंतीएवढी दिसते. खुर्चीतल्या वीस वर्षांत ती एवढं नक्की शिकली होती, की दुसऱ्याच्या डोळ्यांवर विसंबायचं नाही.

तंत्रशाळेत घड्याळदुरुस्ती शिकवायला माणूस हवा होता. फोनवरच मुलाखत झाली, निवडही झाली. तेव्हा तिने वहिनीला शेजारी बसवून घेतलं. वहिनी कचेरीत संगणकावर काम करायची, तिला या गोष्टी तोंडपाठ. तिने टॅबवर शाळेची वेबसाइट उघडली आणि 'आतून पाहा' असं लिहिलं होतं तिथे बोट टेकवलं.

"आता बोट ठेवून चित्र ओढा, ताई. ओढाल तशी मान वळते. वर, खाली, मागे, सगळीकडे. आणि जमिनीवर हे पांढरे गोल आहेत ना, त्यांवर टिचकी मारली की पोचलात तिथे."

तिने टिचकी मारली आणि दारातून आत गेली. दुसरी टिचकी जिन्याच्या वळणावर, तिसरी वरच्या मजल्यावर. ना चौघांनी खुर्ची उचलली, ना कुणी "सांभाळून, सांभाळून" म्हणत रस्ता डोक्यावर घेतला. तिसऱ्या मजल्यावरचा वर्ग तिने चारी बाजूंनी पाहिला. मोठी खिडकी, सहा बाकं, प्रत्येकावर वाकणारा दिवा. चौदा वर्षं तिने घरातल्या एका कोपऱ्यात, डोळ्याला भिंग लावून, लोकांची बंद घड्याळं चालू केली होती. तो वर्ग तिला हवा होता. इतका हवा होता, की त्या रात्रीच तिने आपली अवजारं पुसून पेटीत भरून ठेवली.

दोन दिवसांनी प्राचार्यांचा फोन आला. "बाई, तुमच्या खुर्चीचं आम्हाला आत्ता कळलं. वर्ग तिसऱ्या मजल्यावर, इमारतीत लिफ्ट नाही. आमचाही नाइलाज आहे."

तिने फोन ठेवला आणि तडक पुन्हा वेबसाइट उघडली.

"कशाला जखमेवर मीठ चोळून घेता?" वहिनी म्हणाली.

"पुढचं पाहून झालंय. आता मागचं बघते."

जिन्याच्या पायथ्याशी थांबून तिने चित्र पूर्ण मागे फिरवलं. फोटोवाला येणार म्हणून कुणीतरी दर्शनी भाग झाडूनपुसून लख्ख केला होता आणि सगळा पसारा त्याच्या पाठीमागे लोटला होता. पण या कॅमेऱ्याला पाठच नसते. मोडक्या खुर्च्या, शिडी, गुंडाळलेले फलक, आणि त्यांच्या डोक्यावर भिंतीत आकड्यांची पट्टी: शून्य, एक, दोन, तीन. ती टिचक्या मारत तिसऱ्या मजल्यावर गेली. तिथेही त्याच जागी एक कपाट उभं होतं, आणि कपाटाच्या आडून पोलादी दाराची कड आणि एक बटण डोकावत होतं.

वहिनीने दोन बोटांनी ते बटण मोठं करून पाहिलं. मग म्हणाली, "उद्या मी रजा टाकते."

पुढच्या दारात सात पायऱ्या होत्या. पण माल उतरवायच्या फाटकाशी उतार आहे, हेही वेबसाइटवर पाहून ठेवलेलं. दोघी तिथूनच आत शिरल्या. प्राचार्य जिन्यापाशी आले.

"बाई, मी या इमारतीत नऊ वर्षं आहे. लिफ्ट नाही."

तिने टॅब त्यांच्या हातात दिला. "ही तुमचीच वेबसाइट. काखेत कळसा आणि गावाला वळसा चाललाय, साहेब."

प्राचार्यांनी चित्र पाहिलं, मग मान वळवून खुर्च्यांचा ढीग पाहिला. शिपाई हळूच म्हणाला, "माझ्या आधीपासून बंद आहे ती. कुणी विचारलंच नाही कधी."

"बरं, करू दुरुस्त," प्राचार्य म्हणाले. "पण दोन-तीन महिने जातील. तोवर वर्गावर दुसरं कुणीतरी घ्यावं लागेल."

तिला संताप आला, पण आवाज चढला नाही. "मुलं तर खाली उतरू शकतात ना? बाकं खाली आणवा. तोवर मी इथेच शिकवते."

"इथे? येण्याजाण्याच्या वाटेत?"

"मला आजवर प्रत्येकाने वाटेतच थांबवलंय. मला सवय आहे. तुम्हालाही होईल."

सोमवारी खुर्च्यांचा ढीग हलला आणि लिफ्टच्या बंद दारासमोर सहा बाकं लागली. वर जाणाऱ्या प्रत्येकाला अंग चोरून जावं लागे. प्राचार्यांना दिवसातून चारदा. दर वेळी ती अदबीने खुर्ची तसूभर सरकवायची आणि विचारायची, "मिस्त्री कधी येणार, साहेब?" तीन महिन्यांचं काम पाच आठवड्यांत उरकलं.

लिफ्ट सुरू झाली त्या दिवशी प्राचार्य स्वतः तिच्यासोबत वर आले. दार उघडताच ते लगबगीने पुढे झाले. "या बाई, वर्ग दाखवतो. इथून डावीकडे—"

"ठाऊक आहे," ती चाकं फिरवत म्हणाली. "मी येऊन गेलेय."