पाटीवरची माई

मी इमू बोलतोय. नाव ऐकून ओळख पटली नाही तरी तुम्हाला दोष देणार नाही. माझ्या कुंपणापुढे उभं राहून "ते बघ शहामृग" म्हणणाऱ्यांची मोजदाद मी केव्हाच सोडून दिली. शहामृग माझा लांबचा भाऊबंद. भाऊबंद म्हटला की तुलना आलीच. तो उंच, त्याची अंडी मोठी, तो पळतो जास्त. माणसं माझ्याकडे बघून आधी त्याची आठवण काढतात आणि मग पुढच्या पिंजऱ्याकडे निघतात. माझी मान लांब, त्यामुळे जाणाऱ्यांच्या पाठी मला बराच वेळ दिसत राहतात.

माझा जन्म विजेच्या दिव्याखाली झाला. एका माणसाला इमू पाळायचं खूळ लागलं होतं. त्याच्याकडे उबवायची पेटी होती, पेटीत अंडी ओळीने मांडलेली आणि वर पिवळा दिवा. आई कोण, बाप कोण, मी पाहिले नाहीत. अंगावर पट्टे घेऊन अंड्यातून बाहेर आलो तेव्हा समोर पाण्याचा पत्र्याचा डबा होता, आणि बरेच दिवस मी त्यालाच आपलं माणूस समजत होतो. पुढे त्या गृहस्थाचं खूळ उतरलं. बाकीच्या पक्ष्यांचं काय झालं ते न बोललेलं बरं. आम्ही दोघंच उरलो, मी आणि ती. एका गाडीत घालून आम्हाला या प्राणिसंग्रहालयात आणून सोडलं.

इथे आम्हाला जागा मिळाली ती हरणं आणि कासवांच्या मध्ये. पक्षी असून पक्ष्यांत का नाही, असं तुम्ही विचाराल. तर इथल्या साहेबांचा सगळा हिशेब छपरावर चालतो. डोक्यावर जाळी लागते ते एका बाजूला, लागत नाही ते दुसऱ्या बाजूला. आम्ही उडत नाही, मग जाळी कशाला वाया घालवा? आमच्या राखणदाराची विभागणी त्याहून सोपी, लाथ मारणारे आणि न मारणारे. आम्ही लाथ मारणाऱ्यांत. धड ना इकडचे, ना तिकडचे, पण दोघं होतो, त्यामुळे काही बिघडत नव्हतं.

ती माझ्याहून थोराड होती. चालायची ऐटीत, मी आपला दोन पावलं मागे. तिला चकचकीत वस्तूंचा फार सोस. कुणाची किल्ली दिसली, कुणाच्या पिशवीची कडी चमकली की हिची मान कुंपणाबाहेर. आणि तिचा आवाज! छातीच्या आत कुणी ढोल घेऊन बसल्यासारखा ढुम् ढुम् निघायचा, हरणं चरायची थांबायची. मला आवाज म्हणाल तर एक घोगरा हुंकार, तोही ऐकणाऱ्याला खोकला वाटावा असा. मी कुंपणाच्या कडेकडेने फार लांब गेलो की ती एकदा ढोल वाजवायची आणि मी मुकाट परत यायचो. राखणदार हे बघून हसायचा. त्याने तिचं नाव पैलवान ठेवलं. माझं नाव ठेवावं असं माझ्यात काही नव्हतं.

मग थंडीत तिने अंडी घातली. गडद हिरवी, जवळजवळ काळपट. ती घालून मोकळी झाली आणि मी त्यांवर बसलो.

हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आमच्यात बापानेच बसायचं असतं. आईने अंडी द्यायची आणि फिरायला मोकळं व्हायचं, ही आमची रीत. मी खाणं सोडलं, पाणीही सोडल्यातच जमा. पिसांत माती साठली, पाय आखडले, पण पोटाखाली जी ऊब होती ना, तिच्यापुढे मला कशाचीच पर्वा नव्हती. राखणदार रोज कोबीची पानं चोचीजवळ आणून ठेवायचा. "खा गं माई दोन घास," म्हणायचा. तेव्हापासून मी माई झालो.

माझ्यापुढे गर्दी व्हायला लागली. एक म्हातारी आपल्या थोरल्या मुलाला दंडाला धरून घेऊन आली आणि म्हणाली, याला म्हणतात आईचं काळीज, नीट बघून घे. मुलगा फोनमध्ये बघत होता. पैलवान कुंपणाकडेने ढोल वाजवत फिरायची, तर लोक म्हणायचे, बाप बघा कसा उंडारतोय, सगळीकडे मेलं सारखंच. साहेबांनी रंगारी बोलावला आणि कुंपणावर पाटी लागली. मी मादी, नाव माई. ती नर, नाव पैलवान. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, असं तुम्हीच म्हणता ना? पण पाटी रंगवताना ते कुणाच्या ध्यानात राहत नाही.

काय बिनसलं कोण जाणे, अंडी काही फुटली नाहीत. राखणदाराने एक एक करून ती उचलून नेली. मी रिकाम्या जागेवर आणखी काही दिवस बसलो. मग तीच येऊन माझ्या पाठीवर चोचीने टोचत राहिली, तेव्हा उठलो.

त्यानंतर दुसऱ्या शहरातल्या प्राणिसंग्रहालयाची गाडी आली. त्यांच्याकडे इमूची एकटी मादी होती आणि त्यांना नर हवा होता. साहेब आमच्या कुंपणापर्यंत आले, स्वतःच लावलेली पाटी स्वतःच वाचली आणि तिच्याकडे बोट दाखवून म्हणाले, हा न्या. ती गाडीतल्या पेटीत शिरेना. तेव्हा राखणदाराने घरून आणलेल्या डब्याचं चकचकीत झाकण पेटीच्या आत ठेवलं. ती झाकणासाठी आत गेली. दार पडलं. गाडी फाटकातून वळून दिसेनाशी झाली तरी तिचा ढोल ऐकू येत होता, आणि मी कुंपणाला छाती लावून त्या आवाजाच्या बाजूने पळत होतो. कुंपण संपलं तिथे थांबलो.

"माई, तुझा धनी गेला गं," राखणदार म्हणाला आणि माझ्या मानेवर हात ठेवून उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते. मला त्याचा राग येत होता आणि कीवही. सांगणार कसं?

एकटं राहणं म्हणजे काय, ते तेव्हापासून मला कळलं. फाटकाजवळचा कोपरा मी धरला तो धरलाच. रस्त्यावर कुठे बांधकामाचं यंत्र धपधपलं, एखादी जड गाडी खड्ड्यात आदळली, की मान आपोआप वर जायची. शेजारची हरणं कळपाने चरतात, कासवं एकमेकांवर चढून ऊन खातात. माझ्याकडे बघून माणसं म्हणायची, बिचारी विधवा. त्यातला बिचारा तेवढा खरा होता.

आता विज्ञानाच्या बाईंबद्दल सांगतो. या बाई शाळेतली मुलं घेऊन दरवर्षी दोनदा येतात. पहिल्या फेरीला प्राण्यांचं रूप बघायचं, दुसऱ्या फेरीला वागणं. हिरवळीवर त्या चुन्याच्या फक्कीने मोठी रिंगणं आखतात: केसवाले, पिसवाले, खवलेवाले, ओल्या कातडीचे. प्रत्येक मुलाने एक प्राणी बघून यायचं, आपणच तो प्राणी आहोत असं समजून योग्य रिंगणात उभं राहायचं आणि कारण सांगायचं. बाईंचा नियम एकच, ऐकीव नको, देखीव हवं. "तुम्हाला काय दिसलं ते सांगा, काय वाटलं ते घरी जाऊन सांगा," असं त्या बजावतात. दुसरा नियम म्हणाल तर एका खुणेवर उडी मारायची नाही, दोन-तीन खुणा जुळल्या की मगच बोलायचं.

मी म्हणजे दरवर्षीचं भांडण. माझी पिसं लांबून केसांसारखी दिसतात, म्हणून निम्मी मुलं केसवाल्यांत जातात. कुणाला पायांवरचे खवले दिसतात, तो खवलेवाल्यांत. पंख एवढेसे, पिसांत दडलेले, ते कुणालाच दिसत नाहीत. मग चोच, पिसं, तीन बोटं अशा खुणा जुळवत शेवटी सगळी पिसवाल्यांत येतात. मला त्या भांडणाची मजा वाटायची. तेवढा वेळ तरी कुणी माझ्याकडे नीट बघत असे.

त्या वर्षी जाड भिंगांचा चष्मा लावलेली एक मुलगी माझ्या वाट्याला आली होती. दोन वेण्या, एक वर एक खाली. बाकीची मुलं पळाली तरी ती उभीच. मग तिने बाईंना हाक मारली आणि विचारलं, पाटीवर मादी लिहिलंय, पण ते दिसतं कशावरून? बाईंनी माझ्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं आणि मला ठाऊक नाही असं सरळ सांगून टाकलं. शिकवणारं माणूस असं म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी राखणदाराला विचारलं. तो म्हणाला, अंड्यांवर बसली होती ना, महिना-दीड महिना अन्नाला शिवली नाही, आईशिवाय कोण करेल एवढं?

"माझी वेणी बाबाच घालतात," मुलगी म्हणाली.

राखणदार हसायला गेला, पण बाई हसल्या नाहीत. बसणं ही एकच खूण झाली, दुसरी कुठली, असं त्यांनी विचारलं. राखणदार डोकं खाजवत म्हणाला, दुसरी काही नाही, दोघंही दिसायला सारखीच, फक्त तो पैलवान ढोल वाजवायचा आणि ही नुसती घोगरते. बाईंनी ते दोनदा वदवून घेतलं. नंतर आठवड्याने त्या प्राण्यांच्या डॉक्टरांना घेऊन आल्या. डॉक्टरांनी मला दाबून धरलं, काय तपासायचं ते तपासलं. त्या अपमानाबद्दल मी एक लाथही मारली. मग ते म्हणाले, हा नर आहे, इमूत ढोल मादीच वाजवते, मी इथे आलो तेव्हा पाटी आधीच होती आणि मी ती वाचली, पक्ष्याकडे पाहिलंच नाही.

राखणदार माझ्याजवळ आला. "म्हणजे मी तुझी बायको घालवली रे," म्हणाला. त्याने मला पहिल्यांदा 'रे' म्हटलं, पण ते मला गोड लागलं नाही.

साहेबांनी त्या शहरात फोन लावला. ती परत येणार, असं मी धरूनच चाललो. कोपरा सोडून मी दुसऱ्या बाजूची धूळ पायांनी साफ करू लागलो. खाणं अर्धं ठेवू लागलो, तिला प्रवासाची भूक लागली असेल म्हणून.

उत्तर राखणदाराने आणलं. माझ्यापुढे डबा उघडून बसला, पण जेवला नाही. तिकडे दोन माद्या एकत्र नांदल्या नाहीत, कडाक्याची भांडणं झाली. पैलवानने अंडी घातली तेव्हा त्यांना उलगडा झाला. त्यांनी इकडे कळवलंही होतं, तर इथून कुणीतरी उत्तर दिलं, पाटी बघून पाठवलाय, नरच आहे, पुन्हा बघा. मग त्यांनी दुसरीकडून नर मिळवला. तो आता तिच्या नव्या अंड्यांवर बसलाय. बसलेली जोडी मोडता येणार नाही, असं ते म्हणाले, आणि ते खोटं नाही.

मला फार वाईट वाटलं. बरंही वाटलं, तिची अंडी या वेळी थंड पडणार नाहीत म्हणून. पण ते बरं वाटणं संध्याकाळपर्यंत टिकलं नाही. बैल गेला नि झोपा केला, तशी माझी नवी पाटी आली. सुबक अक्षरात 'नर' लिहिलंय. साहेब आता माझ्यासाठी एक मादी मागवणार आहेत म्हणे. मादी हवी असं मी कधी म्हणालो होतो? मला ती हवी होती.

मग बाईंची दुसरी फेरी आली, वागण्याची. या खेपेला रिंगणं तीन होती. कळपाने राहणारे, जोडीने राहणारे, एकटे राहणारे. चष्म्याच्या मुलीने मलाच मागून घेतलं. बाकीची मुलं पिंजऱ्या-पिंजऱ्यांपुढून भटकली, ती माझ्यापुढे बसून राहिली. मग उठली आणि जोडीवाल्यांच्या रिंगणात जाऊन उभी राहिली. मुलं हसली. अगं, तो एकटाच तर आहे, दिसत नाही का तुला?

"एकटा आहे," ती म्हणाली, "पण एकटा राहणारा नाही."

बाईंनी त्यांचा ठरलेला प्रश्न विचारला. "हे तुला दिसलं की वाटलं?"

तिने थोडा विचार केला. "दिसलं, बाई. तो अर्धंच खातो. सावलीत बसतो तेव्हा शेजारी जागा सोडून बसतो. गाडी आदळली की फाटकाकडे बघतो." तीन खुणा झाल्या. बाईंनी तिला रिंगणातून बाहेर काढलं नाही. आणि ती मुलगी रिंगणाच्या मधोमध उभी नव्हती. एका कडेला उभी होती, दुसऱ्याची जागा ठेवून.

एवढीच माझी कहाणी. पाट्या लावू नका असं मी म्हणत नाही, पाट्यांवाचून तुमचं चालत नाही हे मी पाहिलंय. लावण्याआधी थोडं थांबून बघत जा. आणि कधी त्या दुसऱ्या शहरात गेलात, तिथे छातीत ढोल वाजवणारी एक थोराड इमू दिसली, तर तिला पैलवान म्हणून हाक मारा. तिने मान वळवली तर मला येऊन सांगा. मी फाटकाजवळच्या कोपऱ्यातच असतो.