भरलेला पेला

देवाजी मिस्त्रीने काठोकाठ भरलेला पितळी पेला मोटारीच्या मागच्या सीटवर ठेवला, शेजारी बापूजींना बसवलं आणि गाडी इतवारीच्या रेल्वे फाटकावरून नेली. रूळ ओलांडेपर्यंत पेला अर्धा झाला होता आणि बापूजींचं धोतर भिजलं होतं. गाडी तपासायची देवाजीची हीच रीत.

गाडी विलायती, बापूजींनी एका साहेबाच्या लिलावात घेतलेली. तिची पुढची दोन्ही चाकं आपापल्या स्प्रिंगवर वेगवेगळी हलायची. एक खड्ड्यात गेलं तरी दुसऱ्याला पत्ता नसे. ऐट मोठी, पण सांधे सतरा, आणि बापूजींच्या गावच्या, मौद्याच्या रस्त्यावरची धूळ एकेक सांधा खाऊन टाकी. देवाजीचं म्हणणं सरळ होतं. हे सगळं काढायचं, जीपचा अखंड एक्सल आणि स्प्रिंगचे जाड पोलादी पाटे टाकायचे. दोन दिवसांचं काम, मोडलं तर गावचा लोहारही जोडेल. जुनंच ठेवायचं तर प्रत्येक सांध्याचा बुश, म्हणजे आतली कडी, लेथवर घडवावा लागेल, तीन आठवडे जातील.

"पाटे हादरवतात का गा?" बापूजींनी विचारलं.

"हादरवतात. पण त्यानं माणूस मरत नाही, बापूजी."

बापूजी ओलं धोतर पिळत राहिले.

"माह्या पोरीच्या, यमूच्या मणक्यात गाठ आहे. दर मंगळवारी विजेचा शेक द्यायले मेडिकलच्या दवाखान्यात आणतो. खड्डा आला का माहा हात धरते. तू बुशच घडव. तोवर बसनं आणतो तिले."

बसमध्ये खड्डे लागणारच, हे तेव्हा दोघांनाही सुचलं नाही. देवाजीला याची पुढे फार लाज वाटली.

चौथ्या मंगळवारी बापूजी एकटेच आले. देवाजी स्वतःच्या कामावर खूश होता. त्याने पेला भरून मागे ठेवला. बापूजी मागे बसेनात, पुढेच बसले. फाटक ओलांडून देवाजीने गाडी थांबवली आणि वळून पाहिलं. थेंबही सांडला नव्हता.

"पाहा. ताईले झोप लागून जाईन."

बापूजी समोर बघत होते.

"आता पाटेच टाकून दे. मागं तांदळाचे पोतेच जातीन."

देवाजीला कळायला जरा वेळ लागला. कधी, एवढंच त्याने विचारलं. दुसऱ्याच मंगळवारी, बापूजी म्हणाले. कन्हानच्या पुलाजवळ बस आदळली आणि तिने हात धरला नाही.

तेव्हापासून पंधरा दिवस देवाजी लेथवर बुशच घासत होता. त्याने मागे हात लांबवून पेला उचलला आणि पाणी घ्या म्हणून पुढे केला. बापूजींनी तो दोन्ही हातांनी धरला, तरी धोतर भिजलं.