मागचा बाण

"पण मागचा बाण दाबतंय कोण?" सर म्हणाले. "नवरा आला, बाईनं लाल बटण दाबलं, हवामानाचं पान आलं. झालं की काम! आता आणखी काय हवंय, ताई?"

ताईने सरांच्या हातातला त्यांचा फोन घेतला आणि मागे जाण्याचा बाण दाबला. ढग, वारा, तापमान सगळे नाहीसे झाले आणि ठळक अक्षरांतला प्रश्न पुन्हा उभा राहिला: 'घरात मारहाण होते का? आम्ही तुमच्यासोबत आहोत.'

"अगं बाई!" छोटीने जीभ चावली. ॲपचे रंग, चित्रे, ते लाल बटण, सगळे छोटीने काढले होते. पण कुठले बटण दाबल्यावर कुठे जायचे, ते ताईचे काम होते.

टायरच्या दुकानावरच्या या कचेरीत ताई वयाने सगळ्यांत मोठी. या कामात ती उशिराच आली होती. कोणी घरचा विषय काढला की तिला डब्याचे झाकण लावायची घाई व्हायची. डाव्या बाजूने हाक मारली तर ती वळूनही बघत नसे. ताईंना शिष्टपणा फार, असे कचेरीचे एकमत होते आणि ताईने ते कधी खोडून काढले नव्हते.

ॲप एका महिला संस्थेचे होते. उद्या त्याचे उद्घाटन. सर तसे माणूस म्हणून वाईट नव्हते, पण तारीख जवळ आली की त्यांना दुसरे काही दिसत नसे.

"चूक माझीच आहे," ताई म्हणाली. "अख्खं ॲप म्हणजे एकच पान आहे. बटण दाबलं की तेच पान नवे कपडे घालून समोर येतं. पण दर वेळी फोनमध्ये एक खूण राहते आणि बाण त्या खुणांवरून मागे नेतो. मला प्रत्येक बटण बदलावं लागेल. नवं आलं की जुन्याची खूण पुसली गेली पाहिजे."

"आणि आत वाचता वाचता कोणी बाण दाबला तर?" सरांनी विचारले.

"थेट ॲपच्या बाहेर, त्याआधी जे उघडं होतं तिथं. आतल्या आत मागे जायला मी वेगळं बटण देते."

"म्हणजे उद्या पाहुण्या बाण दाबणार आणि धाडकन बाहेर! ॲप बिघडलंय म्हणून बोंब होईल." सरांनी हात झटकले. "अहो, सगळ्या जगात बाण मागे नेतो. आपलाही नेऊ दे. आणि एवढं खोदून बघायला बसतो कुठला नवरा?"

"माझा बसायचा."

खाली रिमवर हातोडा पडत होता.

"घरात आला की आधी माझा फोन घ्यायचा," ताई म्हणाली. "स्क्रीनकडे बघायचाही नाही. माझ्या तोंडाकडे बघत बाण दाबत राहायचा. माझा चेहरा पडला की थांबायचा आणि मग खाली बघायचा. मी भाड्याची खोली शोधत होते. वर स्वयंपाकाचं पान उघडून ठेवलं होतं, खालचं तसंच राहिलं. त्या दिवशी हा कान गेला."

तिने डाव्या कानाला हात लावला. छोटी तिच्या डावीकडेच बसायची. रोज हाका मारून कंटाळलेली छोटी आता त्या कानाकडे बघत राहिली.

इतकी वर्षे ताईला वाटत होते, हे कधी तोंडातून निघाले तर लाजेने मान वर करता येणार नाही. निघाले, आणि लाज कुठे आलीच नाही. आला तो संताप, स्वतःचाही आणि त्याचाही. मारले त्याने, आणि तोंड लपवत फिरले ती मी!

"बटण असंच जाणार असेल तर काढूनच टाका, सर," ती म्हणाली. "निदान कुणी त्याच्या भरवशावर राहणार नाही. पण माझ्या हातून हे असं जाणार नाही. ठेवायचंच असेल तर दुसरं माणूस बघा. मी निघते."

"तुम्ही मला धमकी देताय?"

"हो."

ताईच्या 'बघते, सर'ची सवय झालेल्या सरांना या 'हो'चे काय करावे ते कळेना. ते उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले.

"आज होईल?" त्यांनी विचारले.

"करते."

ती कामाला बसली. छोटीने आपली खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घातला आणि ताईच्या उजव्या हाताला येऊन बसली. "पहिलं कुठलं बटण घ्यायचं?" तिने विचारले. एकेक बटण करत त्या लाल बटणापर्यंत आल्या, तेव्हा खालचे दुकान बंद होत होते.

"घ्या, बघा," ताईने सरांचाच फोन त्यांच्यापुढे धरला. "आत कुठंही फिरा."

सरांनी 'आसरा कुठे मिळेल' दाबले, 'वकील हवा' दाबले, मग लाल बटण. हवामान आले. ते बाण दाबणार तोच ताई म्हणाली, "असं नाही. तो दाबायचा तसं दाबा. माझ्याकडे बघून."

"ताई, राहू द्या हो."

"दाबा, सर. उद्या कुठल्या तरी घरात कोणीतरी असंच दाबणार आहे."

सरांनी तिच्याकडे बघत बाण दाबला. छोटी स्क्रीनवर वाकली.

"मॅचचा स्कोअर आला, सर. मघाशी तुम्ही बघत होतात तो. आपलं काही नाही."

"पुन्हा दाबा," ताई म्हणाली.

सरांनी पुन्हा दाबला. अंगठा खाली जाण्याआधीच त्यांची नजर खाली गेली. ताईची गेली नाही.