पूजेनंतरची गोळी

अमरेश स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून डाळिंब सोलत होता, आणि तेही बायकोसाठी. भाकरी थापता थापता नीलम्मा तिरक्या नजरेनं बघत होती. तिकडे वाटीत दाणे पडत होते आणि इकडे तिच्या भाकरीला चिरा जात होत्या. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिच्या वाट्याला डाळिंब आलं ते नैवेद्यातलं उरलेलं, आणि तेही पोरांच्या तावडीतून सुटलं तर.

"वैनी, मंजुषानं काल रातीबी काई खाल्लं न्हाई," अमरेश म्हणाला. "मोसंबी आनू का?"

"मला काय विचारू राहिले भावजी? मी थोडीच आजारी हाय."

तो पुन्हा दाणे काढू लागला. आजकाल घरात सगळेच हळू बोलत, दारं हळू लावत. कारण मंजुषा, म्हणजे नीलम्माची धाकटी जाऊ, वर्षभरापूर्वी घर डोक्यावर घेणारी पोरगी, आता खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली असे. आधी तिचं हसणं गेलं, मग झोप गेली, मग भूक. पहाटेच जाग यायची आणि अंथरुणातून उठवत नसे. वेणी घालायला हात वर करायची आणि अर्ध्यातच खाली सोडायची. लातूरच्या डॉक्टर सुमय्यांनी तपासून सांगितलं की हे नैराश्य आहे, हा आजार आहे, आणि गोळ्या लिहून दिल्या.

नीलम्माला हा आजार पटला नव्हता. उदगीरच्या मोंढ्यात धान्याची चालती आडत, जीव लावणारा नवरा, शिकलेली बाई. हिला कशाचं दुःख? पण खरं पोटात दुखायचं ते दुसऱ्याच गोष्टीनं. तिचा नवरा माणिकप्पा. बायको तापानं फणफणली तरी जेवायला काय आहे एवढंच विचारणारा माणूस. तो आता दुकानातून आला की चप्पल काढता काढता म्हणे, "धाकटीचं कसं काय हाय?" हा प्रश्न नीलम्माच्या वाट्याला एकदाही आला नव्हता. जावा जावा, उभा दावा म्हणतात. इथं दावा एकतर्फी होता, आणि मंजुषाला त्याचा पत्ताही नव्हता.

गोळ्या सांभाळायचं काम सासूनं, पार्वतम्मानं, नीलम्माकडे दिलं. "अमरेश उजाडताच मोंढ्यात जातो. थोरलीच्या हातनं काई ऱ्हात न्हाई," असं म्हातारी चारचौघांत म्हणाली आणि गुडघे चोळत आपल्या खोलीत गेली. एवढ्या वर्षांत नीलम्माला मिळालेली शाबासकी म्हणजे हीच.

आता या लिंगायत घराची एक रीत होती. गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घ्यायचं, विभूती लावायची, पाणी घालायचं, आणि मगच आपल्या तोंडात पाण्याचा थेंब. नीलम्मानं बाळंतपणं सोडली तर ही रीत कधी मोडली नाही. चहाची तलफ येऊन डोकं ठणकलं तरी नाही. सुरुवातीला मंजुषा कशीबशी अंघोळीला उठायची, पूजा करायची आणि गोळी घ्यायची. मग एका सकाळी ती उठलीच नाही. नीलम्मा गोळी आणि पाणी घेऊन दारात उभी राहिली.

"आंगूळ कर, पूजा कर, मंग गोळी. लिंगाला पाणी घातल्याबिगर या घरात कुनाच्या तोंडात पाणी जात न्हाई. तुला काय निराळा कायदा हाय का?"

मंजुषानं हो म्हणून मान हलवली. दुपार झाली तरी ती तशीच पडून होती. नीलम्मानं गोळी परत डब्यात टाकली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आपण धर्म पाळतोय असं ती स्वतःला सांगत होती, आणि ते अर्धं खरंही होतं. उरलेलं अर्धं काय होतं, ते तिला ठाऊक होतं. ती तिकडे बघत नव्हती. अमरेशनं विचारलं की म्हणायची, "मी हाय ना. बघते मी."

पुढच्या महिन्यात परत लातूरला जायचं होतं. पार्वतम्माला प्रवास झेपत नव्हता, म्हणून अमरेश आणि मंजुषासोबत नीलम्मा गेली. एसटीत मंजुषा तिच्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती, आणि त्या डोक्याला काही वजनच नव्हतं.

गोळ्यांनी फरक नाही, उलट वाढलंच, असं अमरेशनं डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर सुमय्यांनी त्याला थांबवून मंजुषालाच विचारलं, जगावंसं वाटत नाही असं मनात येतं का?

"येतं," मंजुषा म्हणाली. "मी गेले तर सगळे मोकळे हुतील, असं वाटतं."

अमरेशनं तोंड फिरवलं. डॉक्टर म्हणाल्या की हे औषध लागू पडत नाही असं दिसतंय, जास्त ताकदीचं द्यावं लागेल, कदाचित दवाखान्यात ठेवावंही लागेल. त्यांनी पेन उचललं. नीलम्मा गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. थोरलीच्या हातनं काही राहत नाही, हे तिचं नाव शाबूत राहिलं असतं.

"डॉक्टरबाई," ती म्हणाली, "औषदाचा दोष न्हाई. सुरवातीचे दिस सोडले तर तिला गोळी मी दिलीच न्हाई. पूजा केल्याबिगर देनार न्हाई म्हनले, अन् ती उठलीच न्हाई."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्यांचा आवाज चढला नाही.

"ताई, पाय मोडलेल्या माणसाला तुम्ही सांगितलंत की चालत ये, मग प्लास्टर घालू. तिला अंघोळीला उठवत नाही, हाच तर तिचा आजार आहे."

"पन तिला कमी काय हाय?" नीलम्माच्या तोंडून निघून गेलं.

काही कमी असावंच लागतं असं नाही, डॉक्टर म्हणाल्या. कुणाच्या घराण्यात असतं, कुणाला धक्का बसतो, कुणाच्या बाबतीत कारण सापडतही नाही. आजार बरा होतो. पण गोळी रोज पोटात जायला हवी, आणि गुण यायला काही आठवडे लागतात. मग त्यांनी मंजुषाला विचारलं की तू नवऱ्याला का नाही सांगितलंस.

"काय सांगायचं?" मंजुषा म्हणाली. "मी दिवसभर पडून ऱ्हाते. मला कशाला गोळी, असं मलाच वाटायचं. अक्का बरोबरच करू राहिल्या."

नीलम्माला कुणी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आपण महिनोन्‌महिने जिच्यावर जळलो, तिच्यापाशी जळण्यासारखं काहीच नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली, आणि मंजुषाचा हात धरायचाही धीर झाला नाही.

डॉक्टरांनी तीच गोळी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. हिला एकटीला सोडू नका, आठवड्यानं दाखवायला आणा, असं बजावलं. गोळ्यांची पाकिटं अमरेशनं खिशात ठेवली आणि घरी येईपर्यंत त्यांवरचा हात काढला नाही. घरी कळल्यावर पार्वतम्मानं पुन्हा कधी चारचौघांत थोरलीचं कौतुक केलं नाही. अमरेश आता मोंढ्यात उशिरा जातो आणि गोळी स्वतः देतो.

दुखणं मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात, तसं ते जातंय. परवा मंजुषानं स्वतः वेणी घातली. नीलम्माचा हेवा मात्र पुरता गेलेला नाही. माणिकप्पानं चप्पल काढता काढता धाकटीचं विचारलं की अजून आत काहीतरी टोचतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

पण सकाळी थोरलीच्या पूजेला फार वेळ लागतो, म्हणून पार्वतम्मा कुरकुरते. अंघोळ करून, विभूती लावून नीलम्मा बसते, डाव्या तळहातावर लिंग घेते आणि पळी हातात धरून थांबून राहते. भिंतीपलीकडून अमरेशचा आवाज येतो, "गिळली का?" मंजुषा हळूच हं म्हणते. तेवढं ऐकू आल्यावर नीलम्मा लिंगाला पाणी घालते.