आमचा धूर, आमचा कायदा

प्रांत सरकारची ‘धूम्रपान निषिद्ध’ ही पाटी बिंगोच्या, म्हणजे तंबोल्यासारख्या आकड्यांच्या खेळाच्या, हॉलवरून तिसऱ्यांदा नाहीशी झाली, तेव्हा ती कोणी उपटली हे कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतातल्या त्या क्री आदिवासी वस्तीत साऱ्यांना ठाऊक होते. पहिल्या दोन पाट्यांवर फिलोमीन आजीने मासे चिरले होते. तिसरी तिच्या कुत्रीच्या घराचे छप्पर झाली.

“आपल्या पणज्यांनी राणीशी करार केला,” आजी हॉलच्या मधोमध बसून धुराआडून बजावत असे, “त्यात जमीन होती, मासे होते, औषधाची पेटी होती. माझी फुप्फुसं नव्हती!”

सारा हॉल टेबले बडवी. डेलबर्ट तेवढा हात मांडीवर ठेवून बसे. तो वस्तीच्या कौन्सिलवर निवडून आला होता, तोच मुळी न बोलण्याच्या जोरावर. जो बोलत नाही, त्याला शत्रूही नसतात. त्याची आई इर्मा एकोणीस वर्षे त्या हॉलमध्ये आकडे पुकारीत होती. गोठलेल्या तळ्यावरून हाक जावी, तसा तिचा आवाज पूर्वी शेवटच्या ओळीपर्यंत जाई. आता ‘बी नऊ’ आणि ‘एन चाळीस’ यांच्यामध्ये एक लांब, ओला खोकला येऊन बसला होता. तिने जन्मात सिगरेट ओढली नव्हती. डॉक्टरांनी सांगितले, हॉलमधला धूर तरी बंद करा, नाहीतर नोकरी सोडा. आई म्हणाली, “आकडे नाहीत, तर मी दिवसभर काय पुकारू? तुझं नाव?”

डेलबर्टने एकदा धीर करून कौन्सिलमध्ये विषय काढला. म्हातारा सभासद अ‍ॅम्ब्रोज खो खो हसला. “बाळा, सरकारी कायद्याला हॉलचं दार उघडलंस, की उद्या तो तुझ्या स्वयंपाकघरात येऊन पावाला चरबी किती लावली ते मोजेल.”

“सरकारचा नको. आपलाच करू.”

“मग फिलोमीनला तू सांग. मी पुष्कळ जगलोय, पण अजून पोट भरलेलं नाही.”

वडीलधाऱ्यांकडे काही मागायचे, तर हातावर तंबाखू ठेवून मागायचे. त्यांनी ती घेतली की शब्द दिला, मग माघार नाही. म्हणजे सिगरेट सोडा हे सांगायलाही डेलबर्टला तंबाखूच न्यावी लागणार होती. त्याने पुडी लाल कापडात बांधली आणि वाटभर घोकत गेला: आधी मागणे, मग पुडी.

आजीचा ट्रक तीन दिवस बंद पडला होता आणि सिगरेटी संपल्या होत्या. ती दारातच उभी होती. डेलबर्टने तोंड उघडले, पण वाक्य काही आले नाही. हात तेवढा पुढे गेला.

“देवा, शेवटी एक माणूस पाठवलास!” आजीने पुडी झडप घालून घेतली, उभ्या उभ्या सिगरेट वळली आणि डोळे मिटून झुरका ओढला. मग एक डोळा उघडला. “मागायला काय आला होतास?”

“हॉलमध्ये कोणी ओढू नये. तुम्हीही. आणि ते तुम्हीच सांगावं.”

पाटीच्या छपराखाली कुत्रीने शेपटी आपटली.

“कोल्ह्या,” आजी म्हणाली.

“चुकून झालं, आजी. आधी सांगायला हवं होतं. मी परत घेतो.”

“परत काय घेतोस? घेतलेली छातीत गेली.” तिने सिगरेटच्या टोकाकडे पाहिले. “इर्मासाठी ना?”

त्याने मान डोलावली.

“तिच्या ‘जी पन्नास’वर माझा नवरा जीव टाकायचा. मेला कधी जिंकला नाही. नुसता ऐकायला यायचा.”

गुरुवारी आजी हॉलमध्ये उभी राहिली. “सरकारचा कायदा इथे लागू नाही. काल नव्हता, उद्या नसेल. पण मी तंबाखू घेतलीय. तेव्हा आजपासून इथे जो पेटवील, त्याची सिगरेट मी त्याच्याच कॉफीत विझवीन.”

पुढच्या आठवड्यात प्रांताचा निरीक्षक चौथी पाटी घेऊन आला. हॉलमध्ये शंभर माणसे बसली होती, आणि हवा निर्मळ होती. त्याचा चेहरा उजळला. “वा! शेवटी कायदा पाळलात म्हणायचा!”

आजीने न पेटवलेली सिगरेट ओठांत धरली आणि काडेपेटी उघडली. “काय म्हणालास?”

तिच्या मागे शंभर सिगरेटी शंभर ओठांवर चढल्या. अ‍ॅम्ब्रोजने तर दोन लावल्या.

“म्हणजे… योगायोग असेल,” निरीक्षक म्हणाला.

“असेल. पाटी ठेवून जा. कुत्रीला पिल्लं झालीत.”

त्याची गाडी वळणापलीकडे गेली आणि सिगरेटी पाकिटांत परतल्या. इर्माने आकड्याचा चेंडू उचलला. शेवटच्या ओळीत डेलबर्ट श्वास रोखून खोकल्याची वाट पाहत बसला.

“जी पन्नास!”

आकडा भिंतीपर्यंत पोचला. खोकला आला, पण नंतर. आजीच्या कार्डावर तो आकडा होता; खूण करायची मात्र ती विसरली.