घड्याळाखालची पांढरी पट्टी

माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, म्हणून आता मीच तोंड उघडते. मी घरातल्या थोरल्या जावेच्या डाव्या हाताची कातडी. वय सत्तेचाळीस.

थोरली दवाखान्याच्या धुलाईखोलीत चादरींच्या घड्या घालते. जंतू मारायला तिथं तिच्या डाव्या हाताला निळा दिवा आहे, एका वेळी अर्धा तास लावायचा. दार उघडलं की तो आपोआप विझतो आणि तो अर्धा तास पुन्हा पहिल्यापासून मोजावा लागतो.

मी नुसतं वेष्टण नाही. इजा ऐकायला मज्जातंतूंना असतात तसे कान माझ्या साध्या पेशींनाही आहेत. दिव्यानं भाजलं की रक्ताला हाका जातात, मी लाल होते, सुजते. किती सुजायचं, हे त्या कानांवरही ठरतं. पण याला चार-पाच तास लागतात. तोवर थोरली घरी पोचते, आणि खापर घरावर फुटतं.

फुटलं ते धाकट्या जावेवर. तिनं नवा साबण आणला होता.

"हिच्या साबणानं हात गेला माझा."

"त्याच साबणानं मी तोंड धुते, जाऊबाई."

"तुझ्या तोंडाला काय होतंय."

साबण उकिरड्यात गेला. मी तशीच. मलमं आली, संपली. मी रोज संध्याकाळी बोंबलायची, ती खाजवून मला गप्प करायची. शेवटी तिनं चूल वेगळी करायची ठरवली. वीस वर्षांची एकत्र भांडी वाटायला काढली.

पातेली घासून वाटू म्हणून तिनं घड्याळ काढलं. धाकटीनं मनगट धरलं. पट्ट्याखाली मी पांढरीफटक होते. बाहीखाली झाकलेली होते तिथंही.

"अंघोळीला घड्याळ काढता ना? मग साबण इथंही लागतो. इथं काय लागत नाही?"

थोरलीनं त्या पांढऱ्या जागेवर बोट फिरवलं.

"उजेड. कामावर ऊन येतं?"

"कसलं ऊन? निळा दिवा आहे, गार. आत गेलं की विझायचा."

"विझायचा?"

"दर वेळी अर्धा तास कोण खोळंबणार? तो विझू नये म्हणून दाराच्या बटणावर चिकटपट्टी लावलीय."

"कोणी?"

थोरलीनं हातातलं पातेलं परत फळीवर ठेवलं.

चूल एकच राहिली. माझी सालपटं निघतायत, खाली नवी मी येतेय. एवढंच मागणं आहे: मी संध्याकाळी ओरडले, तर सकाळी कुठं होतात ते आधी आठवा, मग माणसं तोडा.

भांडी फळीवर परत गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी दाराची चिकटपट्टी निघाली. ती कोणी लावली, असं धुलाईखोलीच्या मुकादमानं सगळ्यांसमोर विचारलं. हात वर झाला तो माझाच, आणि त्याच्या वहीत नाव लिहिलं गेलं थोरलीचं.