भिंगरीचा खेळाचा तास

तिसऱ्या पत्रालाही शाळेकडून उत्तर आलं नाही, तेव्हा थेरपिस्टबाईंनी एक दुपार मोकळी करून घेतली आणि स्वतःच शाळा गाठायचं ठरवलं. बाई पार वैतागल्या होत्या. त्यांच्याकडे आठवड्यातून दोनदा येणारी एक नऊ वर्षांची मुलगी, जिला घरीदारी सगळे भिंगरीच म्हणत, सहा महिन्यांनी आत्ता कुठे जरा सावरत होती, आणि शाळा त्या सगळ्यावर पाणी फिरवत होती.

भिंगरीचं दुखणं डोळ्यांना दिसणारं नव्हतं. कपड्याची शिवण अंगाला घासली की तिला मुंगळे चावल्यासारखं व्हायचं. घंटा झाली की दोन्ही हात कानांवर. बाकावर दहा मिनिटं गेली की आपलं अंग नेमकं कुठे आहे हेच तिला उमगेनासं व्हायचं. मग ती डुलायची, घसरायची, शेजारणीला धक्के द्यायची. बाईंच्या खोलीत तिला झोक्यावर पालथं झोपवलं, जड उशा ढकलायला दिल्या, दोरीला लोंबकळू दिलं, की अर्ध्या तासाने तीच मुलगी गुपचूप बसून पानभर लिहायची. अंगाला काम मिळालं की तिचं डोकं जागेवर यायचं.

पत्रांत बाईंनी फार काही मागितलं नव्हतं. तिला मधूनमधून उठू द्या, वह्यांचा गठ्ठा उचलायला सांगा आणि खेळाचा तास चुकवू नका. शाळेने केलं काय, तर ती स्वस्थ बसत नाही म्हणून तिचा खेळाचा तासच बंद केला. सगळी मुलं मैदानावर आणि ही वर्गात एकटी, हाताची घडी घालून. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, तसला प्रकार.

त्यात गणवेशाचं लचांड. भिंगरीचा बाप शिंपी. त्याने लेकीचा शर्ट असा शिवला होता की सगळ्या शिवणी बाहेरून आल्या आणि त्यांवर त्याच रंगाची बारीक पट्टी. काम इतकं सफाईचं की चटकन कळूही नये. वर्गशिक्षिकेला कळलंच. ‘गणवेश उलटा’ असा शेरा डायरीत आला.

बाई बापाला सोबत घेऊन मुख्याध्यापकांकडे गेल्या. सर सभ्य होते. त्यांनी पाणी दिलं, पत्रं मिळाल्याचं सांगितलं. तिन्ही पत्रं फाइलला नीट लावलेली होती, वाचलं मात्र एकही नव्हतं. मग सरांनी शिस्तीचं महत्त्व समजावलं, घरच्या लाडांवर आडून बोलले. बाप मान खाली घालून ऐकत होता. तेवढ्यात बाईंचं लक्ष टेबलाखाली गेलं. सरांचा पाय मघापासून इतका हलत होता की वरच्या डब्यातली पेनं खुळखुळत होती, आणि हातात पेपरवेट गरगर फिरत होता.

“सर, मी दोन मिनिटं बोलते,” बाई म्हणाल्या. “तेवढा वेळ पाय हलवू नका. पेपरवेटही खाली ठेवा.”

सर कसनुसं हसले, पण त्यांनी ऐकलं. बाईंनी पत्रातल्या तिन्ही गोष्टी सावकाश सांगितल्या आणि मग विचारलं, मी काय म्हणाले? सरांना पहिली सांगता आली. दुसरीपाशी ते अडले.

“माझं अर्धं लक्ष पायाकडेच होतं,” ते ओशाळून म्हणाले.

“तिचं सगळंच तिकडे असतं, सर. तुम्हाला दोन मिनिटं बसायचं होतं. तिला पाच तास बसावं लागतं.”

मग बापाने पहिल्यांदा तोंड उघडलं.

“साहेब, शिवण मी उलटी घातलीय. शिक्षा मला द्या. खेळाच्या तासाला वर्गात मी येऊन बसतो.”

सरांनी वर्गशिक्षिकेला बोलावून घेतलं. ती आधीच त्रासलेली. वर्गात अठ्ठेचाळीस मुलं आहेत, प्रत्येकाला उठू दिलं तर मी शिकवू कुणाला, असं तिने विचारलं. खरं म्हणजे याला बाईंकडे उत्तर नव्हतं, आणि त्यांनी ते कबूलही केलं. बरीच घासाघीस झाल्यावर खेळाचा तास परत मिळाला आणि वह्या न्यायचं काम भिंगरीकडे आलं. गणवेशाचं मात्र समितीपुढे ठेवावं लागेल, असं सर म्हणाले. शिवण कोणत्या अंगाला हवी हे ठरवायला आता समिती बसणार होती. बाईंनी कपाळाला हात लावला. दात-ओठ खातच त्या जिना उतरल्या.

पहिल्याच दिवशी भिंगरीने गठ्ठा पाडला आणि वह्या व्हरांडाभर झाल्या. दुसऱ्या दिवशी पाडला नाही. पुढच्या आठवड्यात ती बाईंकडे आली ती गुडघा फोडून, केस विस्कटून. आल्या आल्या झोक्यावर पालथी पडली आणि जमिनीकडे बघत सांगू लागली की पकडापकडीत सगळ्यांत आधी तीच आऊट झाली, दोनदा.

“वाईट वाटलं का गं?” बाईंनी विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. “वर्गात कुणी आऊटच करत नव्हतं.”